कुंईऽऽऽ!

तुमच्या गाडीत कुणी रडतं का? घाबरू नका, भुताची गोष्ट नाहीये. गाडी सुरू करायची, मस्त गाणं लावायचं आणि गाण्याच्या मागून बारीक आवाजात 'कुंईऽऽ' ऐकू यायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर, पाय काढला की खाली. सिग्नलला उभं राहिलं की कानाशी डास गुणगुणावा तशी आणि हायवेला लागलं की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तशी. येतो असा आवाज? मग हात मिळवा! माझ्या गाडीत तो अकरा महिने येत होता.

पहिल्या बोनसमधून सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि दुसऱ्या बोनसमधून तिच्यात म्युझिक सिस्टिम बसवली. डॅशबोर्डवर नवा स्टिरिओ, मागच्या सीटखाली ॲम्प्लिफायर, डिकीत वूफर. एकूण खर्च किती झाला ते आईला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही. ज्या दुकानात हे सगळं बसवलं, तिथे दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन गेले. काउंटरवरच्या महाशयांनी मान तिरकी करून दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, बाहेरून सिस्टिम बसवली की एवढा आवाज येतोच." मग एक नॉइज फिल्टर विकला. काहीही फरक नाही. पुढच्या वेळी दुसरा फिल्टर विकला. हा स्टिरिओ आणि ॲम्पच्या मधल्या केबलला लावायचा. आश्चर्य म्हणजे कुंई थांबली! पण तिच्याबरोबर वूफरचा जीवही गेला. बेस असा वाजायला लागला, जणू कुणी ढोलावर गोधडी टाकलीय. चार दिवसांत वैतागून मी तो फिल्टर काढून टाकला. (ते काढणं किती शहाणपणाचं होतं हे मला मे महिन्यात कळणार होतं.)

मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं, चंद्रपूरला. माझी रूममेट म्हणाली, मीही येते, ताडोबाची सफारी करते. मग काय, पुण्याहून पहाटे निघालो आणि यवतमाळ, वणी करत पंधरा तासांनी पोचलो. पंधरा तास कुंई. वणीच्या पुढे तर आम्ही तिच्या सुरात सूर मिसळून गायला लागलो होतो, यावरून आमची अवस्था ओळखा.

चंद्रपूरहून ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे निघालं की दुर्गापूर लागतं आणि त्याला खेटून ऊर्जानगर. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची कॉलनी. २९२० मेगावॉटचं पॉवर हाऊस एका बाजूला, पाणी इरई धरणाचं, डोक्यावर जिकडे पाहावं तिकडे टॉवर आणि तारा. माझं सगळं बालपण इथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. बाबा पॉवर हाऊसमध्ये, आता रिटायरमेंटला सात महिने राहिलेत. इथली मुलं 'आई', 'बाबा'नंतर तिसरा शब्द 'ट्रिप' शिकतात असं म्हणतात. मी म्हणते, म्हणजे.

रूममेटने गाडीतून उतरता उतरता निकाल देऊन टाकला. "तुझ्या गाडीला ना, लहानपणची सवय लागलीये. बघ किती तारा आहेत! त्यांचाच आवाज पकडत असणार."

बाबा दारात उभे होते. गाडी अजून बंद केली नव्हती. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मला म्हणाले, "गाडी काहून रडून राहिली गं?"

तारांच्या थिअरीवर ते हसले. म्हणाले, तारांचा आवाज एकाच सुरात असतो. पुण्यात असो की चंद्रपुरात, आपली वीज ५० हर्ट्झची. तिची भुणभुण खालच्या पट्टीत, आणि तू रेस दे की ब्रेक मार, ती बदलणार नाही. तुझी गाडी तर रेसबरोबर सूर बदलून राहिली. म्हणजे चोर घरातला आहे.

तरी रूममेटचं समाधान होईना. तेव्हा बाबांनी आम्हाला तसंच गाडीत बसवलं, स्टिरिओवर मिडियम वेव्ह लावायला सांगितलं आणि ४०० केव्हीच्या लायनीखालून एक चक्कर मारायला लावली. तारांखाली आलो की रेडिओत चण्याची कढई तडतडावी तसा कडकडाट, पुढे गेलो की गायब. एफएमवर बदललं तर तिथे जवळपास काहीच नाही. या उच्च दाबाच्या तारांच्या पृष्ठभागावर हवेत बारीक बारीक डिस्चार्ज होत असतात, त्याला कोरोना म्हणतात (हो, तो शब्द त्या रोगाच्या कितीतरी आधीपासून इथे वापरात आहे). त्यातून निघणारी गडबड मिडियम वेव्हला भोवते, एफएमला फारशी नाही. आणि आमची कुंई? ती या सगळ्यात आपल्या जागी ठाम. तारा असोत नसोत, रेडिओ असो की ब्लूटूथवरचं गाणं असो, ती आपली गातेय. बाहेरची हवा निर्दोष सुटली.

"उद्या सकाळी सहाला पाहू," बाबा म्हणाले. सहाला, कारण चंद्रपूरच्या मेमध्ये नऊनंतर गाडीच्या पत्र्याला हात लावणं म्हणजे तव्याला लावणं. आणि संध्याकाळी नाही, कारण अंधार पडल्यावर इथे उगाच बाहेर रेंगाळत नाहीत. सफारीला पैसे भरून जे पाहायला जातात ते इथे कधी कधी कंपाउंडला येतं. २०२२ च्या फेब्रुवारीत वाघ आणि बिबट्याने इथल्या परिसरात माणसं मारली, तेव्हापासून ही गंमतीची गोष्ट राहिलेली नाही.

सकाळी सहाला बाबा बनियनवर तयार. हातात त्यांचा जुना मल्टिमीटर, पेचकस आणि शेजारच्या काकांकडून मागून आणलेला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. माझ्या हातात चहा.

पहिली टेस्ट एकदम सोपी. किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन बंद, स्टिरिओ चालू. आवाज नाही. इंजिन सुरू केलं, कुंई हजर. म्हणजे उगम अल्टरनेटरमध्ये. बाबांचा चेहरा एकदम खुलला. घरचा विषय! अल्टरनेटर म्हणजे बॉनेटखालचं चिमुकलं पॉवर हाऊसच. आत रोटर फिरतो, तीन फेज वीज तयार होते, डायोड तिला डीसी करतात. पण ती डीसी सरळ रेघेसारखी नसते, वर बारीक तरंग उरतात. तेच ऐकू येतात.

"रेस दे," बाबा मागच्या दारापाशी कान लावून म्हणाले.

मी दिली. काटा हजारवर, दीड हजारवर, दोनवर. सूर चढत गेला. तीन हजारवर गाडी अक्षरशः किंचाळत होती. रूममेटने कानावर हात ठेवले.

"थांबला," बाबा म्हणाले.

"काय थांबलं?"

"आवाज. गेला ना. वर नेल्यावर जातो तर."

"बाबा, कानठळ्या बसतायत इथे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रूममेटकडे पाहिलं. तिचे हात अजून कानावरच होते. मी पाय काढला. सूर खाली उतरत आला आणि एका ठिकाणी बाबांची मान हलली. "हं. आता आला."

एक मिनिट कुणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. ऐकायचं काम तुझं. मोजायचं माझं."

तर मंडळी, इथून पुढची टेस्टिंग अशा माणसाने केली आहे ज्याला तो आवाज अर्धाच ऐकू येत होता. आणि खरं सांगू? बहुतेक त्यामुळेच ती बरोबर झाली. दुकानवाल्यांना आवाज ऐकू येत होता, म्हणून त्यांनी आवाज बंद करायचं बघितलं. बाबांकडे मीटरशिवाय दुसरं काही नव्हतं.

बॅटरी. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. उत्तम. मग मीटर एसीवर लावून त्याच दोन टोकांवर तरंग मोजले. ४० मिलिव्होल्ट. शंभरच्या आत असलं की अल्टरनेटर ठणठणीत, अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं की डायोड गेला समजायचं. (ही टेस्ट फुटपाथवरच्या स्वस्त मीटरवर करू नका. ते एसीच्या रेंजवर डीसी पाहून भलतेच आकडे फेकतात.) म्हणजे अल्टरनेटर आजारी नाही. तरंग सगळ्याच गाड्यांत असतात. प्रश्न एवढाच की ते गाण्यात शिरले कुठून.

आवाज पूर्ण शून्य केला. गाणं गेलं, कुंई तशीच. कमी नाही, जास्त नाही. आता ही गोष्ट मी अकरा महिन्यांत शंभर वेळा ऐकली असेल, पण तिचा अर्थ कधी लावला नव्हता. आवाजाच्या नॉबच्या आधी घाण शिरली असती तर नॉबबरोबर तीही कमी-जास्त झाली असती. ती होत नाही, म्हणजे ती नॉबच्या पुढे कुठे तरी शिरतेय. स्टिरिओपासून ॲम्पकडे जाणाऱ्या केबलपासून मागे.

मग सगळं बंद करून बाबांनी ॲम्पच्या टोकाची आरसीए केबल उपटली. (सिस्टिम चालू असताना ही केबल काढू-घालू नका. काही स्टिरिओंमध्ये तिच्या अर्थला आत एक नखाएवढा फ्यूज असतो. तो उडाला की आयुष्यभराची कुंई फुकट.) तिच्या जागी एक जुनी पिन लावली, आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना पिळून जोडलेली. इंजिन सुरू. शांतता. इतकी शांतता की मला कोकीळ ऐकू आला. नंतर माझा फोन, चार्जिंगला न लावता, सरळ ॲम्पला जोडला. गाणं स्वच्छ, नितळ! केबल परत लावली, कुंई परत.

ॲम्प एकटा असताना गुणी. स्टिरिओही एकटा असताना गुणी. दोघांना केबलने जोडलं की भांडण. रूममेट म्हणाली, अगदी माझ्या ऑफिसातल्या दोन टीम्ससारखं.

इथे बाबा खुर्चीवर बसले आणि मला विचारलं, गाडीचं अर्थिंग कुठे असतं सांग.

पॉवर हाऊसच्या पोरीला हा प्रश्न! म्हटलं, जमिनीत. अर्थ म्हणजे पृथ्वी. क्वार्टरच्या मागे कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी मी लहानपणापासून पाहिलीय, उन्हाळ्यात तिला पाणी घालायचं काम माझंच असायचं.

"गाडी तर चार रबराच्या टायरवर उभी आहे. जमिनीशी तिचा काय संबंध?"

काहीच नाही. गाडीतलं अर्थ म्हणजे नुसता पत्रा. बॅटरीची मायनस गाडीच्या बॉडीला बांधलेली असते आणि हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळ्यांचा करंट त्याच पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. म्हणजे ते अर्थिंग नाहीच, ती परतीची वाट आहे. एकाच वाटेवरून सगळे परततात, म्हणून एकाचा चिखल दुसऱ्याच्या पायाला.

मग त्यांनी मोठ्या जगातलं उदाहरण दिलं. (देणारच होते. मी वाटच पाहत होते.) चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत डीसीची लाइन जाते. १९९९ मध्ये सुरू झाली, सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट. तिचे दोन पोल. अशा लायनींमध्ये एक पोल बंद पडला तर परतीचा करंट चक्क जमिनीतून नेता येतो. तिथे खरोखर पृथ्वी ही तार होते. पण त्यासाठीचं इलेक्ट्रोड स्टेशनच्या आवारात पुरत नाहीत, कित्येक किलोमीटर लांब नेऊन पुरतात. नाही तर जमिनीतला तो करंट सोपी वाट शोधत पाइपलाइनमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमध्ये, नको तिथे घुसतो. "आता सांग, तुझ्या ॲम्पची परतीची वाट त्या पोट्ट्यांनं कुठं बांधली?"

मला माहीत नव्हतं. सीटखाली कार्पेटमध्ये एक काळी वायर शिरत होती, एवढंच.

बाबांनी मीटर आधी बझरवर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसला लांब वायर जोडून, दुसरं ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला. बीऽऽप! मी खूश. म्हटलं, अर्थ तर लागतोय. ते म्हणाले, बझरला काय, तो कशालाही वाजतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स पाव ओहम असतो, आणि आपला चोर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असणार. त्याला पकडायचं तर करंट वाहता ठेवायचा आणि व्होल्ट मोजायचे.

मोजताना आकडा स्थिर राहावा म्हणून गाणं नको, एकच सूर हवा. फोनवर टोनचं ॲप होतं. "किती हर्ट्झ लावू?" बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "पन्नास."

वूफरमधून जो घुमार निघाला तो ऐकून समोरच्या क्वार्टरमधल्या काकू बाहेर आल्या. त्यांना वाटलं ट्रान्सफॉर्मरला काही तरी झालं. बाबा मात्र डोळे मिटून उभे, जणू मालकंस लागलाय. हा सूर त्यांना पूर्ण ऐकू येत होता.

क्लॅम्पवर ३० ॲम्पिअर. आणि बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या अर्थपर्यंत, जिथे जेमतेम ०.१ व्होल्ट असायला हवा तिथे ०.९. मग ते टोक सरकवत सरकवत गेले. बॅटरीपासून बॉडीपर्यंत जवळपास काही नाही. बॉडीत काही नाही. कार्पेटखालच्या त्या स्क्रूच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं, ०.८.

आता शाळेतलं गणित आठवा. ०.९ व्होल्ट गुणिले ३० ॲम्पिअर, २७ वॅट. त्यातले बहुतेक सगळे त्या एका स्क्रूच्या बुडाशी. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न मिळतं ना बाजारात, कथिल वितळवायचं? मी तसं एक पेटतं आयर्न, जेव्हा जेव्हा बेस मोठा केला तेव्हा तेव्हा, मागच्या सीटखाली कार्पेटमध्ये खुपसून हायवेवरून फिरत होते. त्या सीटवर येताना रूममेट झोपली होती.

बाबांनी आधी बॅटरीची मायनस सोडवली आणि मग कार्पेट उचललं. खालचा फेल्ट तळहाताएवढा तपकिरी झालेला, बोटाने दाबला तर पापडासारखा मोडला. करपलेला वास. आणि मधोमध एक साधा पत्र्याचा स्क्रू, रंगावरून तसाच मारलेला. रंग म्हणजे इन्सुलेशन. खाली लोखंडापर्यंत पोचत होते ते फक्त स्क्रूचे दोन-तीन आटे. तीस ॲम्पिअर तेवढ्यावरून परतत होते, आणि ज्यांना तिथून जाता येत नव्हतं ते स्टिरिओकडून येणाऱ्या केबलच्या जाळीतून गल्लीबोळ शोधत परतत होते. गाणं त्याच जाळीच्या आधाराने येतं. अल्टरनेटरचे तरंग तिथे गाण्याला चिकटत होते. अशी होती कुंई.

तो दुसरा फिल्टर आठवा. त्याच्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते ही गल्ली बंद करतात, म्हणून आवाज गेला होता. पण स्क्रू तसाच तापत राहिला असता. फरक इतकाच की मला काही ऐकू आलं नसतं. बेसच्या हावरटपणाने मी तो काढला, नाही तर हा लेख वेगळ्या पानावर आला असता.

दुरुस्ती एका परिच्छेदाची. खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही हे वाकून, हात घालून पाहून घेतलं. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकाचक लोखंडापर्यंत घासली. जाड वायर, हातभराहून लांब नाही, तिला थिंबल दाबून बसवलं, दात्यांचा वॉशर, नट-बोल्ट, कचकचीत आवळलं आणि वरून गंजू नये म्हणून रंगाचा हात. (बाजूलाच सीटबेल्टचा छान दणकट बोल्ट होता. मी तो सुचवला तर बाबा चिडले. अपघातात तुझा जीव ज्याच्यावर लटकणार त्या बोल्टला गाण्यासाठी सैल करतेस?) शिवाय बॅटरीपासून ॲम्पकडे जाणाऱ्या लाल वायरला फ्यूजच नव्हता. तो चंद्रपुरातून आणून बॅटरीपासून हातभराच्या आत बसवला. त्याचा कुंईशी काही संबंध नाही. पण ती वायर कुठे पत्र्याला घासली असती, तर स्क्रूची वाट पाहायचीही गरज पडली नसती.

इंजिन सुरू. "गेला?" बाबांनी विचारलं.

कान देऊन ऐकलं. जवळपास गेला होता. पण अगदी तळाशी, धाग्याएवढा उरला होता. मला सांगायचा संकोच वाटत होता, घामाने त्यांचं बनियन पाठीला चिकटलं होतं आणि आठ वाजून गेले होते. म्हटलं, "थोडासा आहे."

"थोडासा म्हणजे आहे," म्हणाले आणि डॅशबोर्ड उघडायला घेतला. स्टिरिओची अर्थ वायर दुकानवाल्यांनी लायटर सॉकेटच्या केसाएवढ्या वायरीला पिळून काळी टेप गुंडाळली होती. त्याच सॉकेटला माझा चार्जर. ती सोडवून डॅशखालच्या पट्टीला वेगळी बांधली. (आत पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते एअरबॅगचे.) रूममेटला इथे एकदम साक्षात्कार झाला. तिच्या गाडीत ॲम्पबिम्प काही नाही, तरी ऑक्सची पिन आणि चार्जर दोन्ही एकदम लावलं की कुंई येते, चार्जर काढला की जाते. तीच भानगड! फोनला दोन वाटांनी अर्थ मिळतो आणि तरंग मधून फिरतात. तिला कुणाचा पत्रा घासायची गरज नाही, ब्लूटूथ लावलं की झालं.

तिसऱ्यांदा इंजिन सुरू केलं. रेस दिली. तीन हजार. काही नाही. नुसतं इंजिन आणि गाणं.

"गेला, बाबा."

"मले तर तो तिथं कधी आलाच नाही," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

चहाच्या वेळी त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे एक हिशेब मांडला. मला वाटलं मला शिकवतायत. इंजिन ८००वर असताना अल्टरनेटर साधारण अडीचपट फिरतो, म्हणजे मिनिटाला २०००. आत बारा पोल, म्हणजे सेकंदाला २०० आवर्तनं. तीन फेज, प्रत्येक आवर्तनात सहा तरंग. १२०० हर्ट्झ. हा सूर त्यांना ऐकू आला होता. मग खाली इंजिन ३०००. मध्येच म्हणाले, आमचा पाचशे मेगावॉटचा सेटही तीन हजारनंच फिरतो, तुझी गाडी आणि तो एकाच आकड्यावर. आणि गुणाकार करत आले ते ४५०० वर थांबले.

त्या आकड्याखाली त्यांनी पेनने दोन रेघा मारल्या. मोठ्या आवाजाने कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात, हे त्यांनी स्वतः किती तरी नव्या पोरांना सांगितलं होतं. "इयर मफ मिळायचे," ते म्हणाले. "मीच घालत नव्हतो. ते घातले की बेअरिंगचा आवाज कळायचा नाही."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "टीव्हीचा आवाज तेवढा मोठा लागतो तो याच्यामुळेच का?" गेली तीन वर्षं त्या आवाजावरून घरात भांडण होतं. मी फोनवर दर वेळी आईची बाजू घ्यायचे. आई म्हणायची, "मुद्दाम दुर्लक्ष करतात." कुकरची शिट्टी ऐकतात, दारावरची टकटक ऐकतात, पण मी हळू आवाजात 'स', 'श'ची वाक्यं बोलले की 'आँ?' आम्ही त्याला स्वभाव म्हणायचो.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी त्यांना चंद्रपुरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते आणि ऐकू आलं की बटण दाबत होते. मी बाहेरून पाहत होते. बराच वेळ त्यांचा अंगठा हलला नाही, आणि ते तसेच शांतपणे वाट पाहत बसले होते.

कागदावर जी रेघ आली ती सुरुवातीला सपाट आणि ४००० पाशी खड्ड्यात गेलेली. डॉक्टर समजावून सांगायला लागले तर बाबांनीच त्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "इथं ट्रिप होऊन राहिला ना?" डॉक्टर हो म्हणाले. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं आणि मशीन लावता येतं. मशीनवर आमची बोलणी अजून चालू आहेत. उरलेले सात महिने मफ घालायचं मात्र त्यांनी कबूल केलंय.

गाडी पुण्याला परत आली, नऊशे रुपयांत बरी होऊन, त्यात फ्यूजचे पैसे आले. बाबांचा दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"गाडीचा आवाज येऊन राहिला का?"

"नाही, बाबा."

"आँ?"

"नाहीऽऽऽ!"